हाताला वळण लावताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी आजवर पोहे करायला नाहीतर सतरंज्या घालायला येत आले. बोलायला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे. "विषय तुम्हीच निवडा," असे चिटणीसबाई म्हणाल्या आणि मी दोन रात्री विचार करीत बसले. लोणच्यापापडाचे मला बरे सांगता आले असते. पण गेले दीड वर्ष आमच्या घरात ज्या गोष्टीने ठाण मांडले आहे ती सोडून दुसरे काही बोलले तर ते माझ्याच मनाला पटायचे नाही.

आपल्यापैकी पुष्कळजणींना २०२४ च्या संक्रांतीचे हळदीकुंकू आठवत असेल. याच खोलीत झाले होते. आमची धाकटी तेव्हा तेरा वर्षांची होती. मीच तिला म्हटले, "जा, चहा फिरव सगळ्यांना." सतरंजीच्या काठात तिचा पाय अडकला आणि कपांनी भरलेला ट्रे तसाच जमिनीवर गेला. तीन कप फुटले. एका वहिनींच्या नव्या साडीवर चहा सांडला. कोणी तरी म्हणाले, "मुलीच्या जातीला जरा हाताला वळण नको का?" आणि हशा झाला. कोण म्हणाले ते मी सांगणार नाही. मला त्याचा रागही नाही, कारण हसणाऱ्यांत मीही होते. लाज झाकायला माणूस हसते, तसे ते हसणे. घरी गेल्यावर मात्र मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि बोलू नये ते बोलले. त्यानंतर वर्षभर तिने या खोलीचा उंबरा ओलांडला नाही.

तिचे हे काही त्या दिवसाचे नव्हते. शर्टाची बटणे लावायला तिला सातवे वर्ष उजाडले. चेंडू तिच्याकडे टाकला की तो छातीवर आपटून खाली पडल्यावर हात पुढे येत. दोरीवरच्या उड्या कधी जमल्या नाहीत. कंपासाने वर्तुळ काढायला बसली की कागदाला भोक. आणि बोलण्यात म्हणाल तर वकील! पाढे पाठ, गोष्टी पाठ, बाजारचा हिशेब तोंडी. म्हणून तर आम्हांला वाटे, डोके आहे, पण लक्ष नाही. आळशी आहे. धांदरट आहे. एकदा शाळेत लेझीम बसवीत होते, तेव्हा हिचे पाऊल चुकते म्हणून हिला रांगेतून बाहेर काढून इतरांची दप्तरे सांभाळायला बसवले. घरी येऊन ती काही बोलली नाही. पुढे कवायतीचा तास असे त्या दिवशी सकाळी तिचे पोट दुखू लागले. मी ओव्याचा अर्क देत राहिले.

हे उलगडले ते माझ्या मावसबहिणीच्या सुनेमुळे. ती पुण्याला व्यवसायोपचाराचे काम करते. इंग्रजीत त्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. एका लग्नात हिची वेणी मी घालून देत होते ते तिने पाहिले आणि हळूच विचारले, "मावशी, ही तेरा वर्षांची ना? हिला बुटाची लेस बांधता येते?" मला वाटले, आता हीही नावे ठेवणार. पण तिने नीट बसवून सगळे विचारून घेतले आणि म्हणाली, "आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मग माझ्याकडे या."

डॉक्टरांनी डोळे पाहिले, स्नायूंची ताकद पाहिली, नसा तपासल्या. एक प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा. पूर्वी येत असलेली एखादी गोष्ट आता येईनाशी झाली आहे का? तसे असेल तर तो प्रकार निराळा, तिथे एक दिवसही थांबू नये. आमच्या मुलीचे तसे नव्हते. मग सुनेने तिची परीक्षा घेतली. घड्याळ लावून खुंट्या उलटवायला लावल्या, भिंतीवर चेंडू मारून एका हाताने झेलायला लावला, टाचेला बोटे जुळवून रेघेवरून उलटे चालायला लावले. शेवटी जे नाव सांगितले ते लांबलचक आहे, म्हणून कागदावरून वाचते : डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. याच मुलांना पुष्कळ ठिकाणी डिस्प्रॅक्सिया आहे असे म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हालचालींचा मेळ न बसणे. शंभर मुलांत पाचसहा मुले अशी असतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन. मुलग्यांत जास्त आढळते. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलांतही जास्त. आमची आठव्या महिन्यातली. घराण्यातूनही येत असावे, कारण हे ऐकल्यावर आमच्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यात काय, तुझ्या नवऱ्याच्या पायजम्याची नाडी मी तो मॅट्रिकला जाईपर्यंत बांधत होते." हे तेव्हा पेपर वाचत होते. पेपर जरा आणखी वर गेला.

हे काय असते ते मला समजले ते असे. आपण पोळी लाटताना शेजारणीशी बोलतो, कुकरच्या शिट्या मोजतो, हात आपले आपण फिरत असतात. पहिल्या शंभर पोळ्या वाकड्या झाल्या, पुढे हातच शिकला. या मुलांचा हात असा आपणहून लवकर शिकत नाही. हात कुठे जाणार, किती जोराने जाणार, याचा जो अंदाज मेंदूने आधीच बांधायचा तो कच्चा राहतो. तिला प्रत्येक पोळी ही पहिलीच पोळी असते. म्हणून ती इतकी दमते. बुद्धीला काही झालेले नसते आणि आईच्या करण्यातही काही कमी पडलेले नसते. हे वाक्य सुनेने मला दोनदा सांगितले, आणि दुसऱ्या वेळी मी रडले.

"मोठी झाली की सुटेल," असे मलाही सगळ्यांनी सांगितले होते. निम्म्याहून अधिक मुलांचे ते मोठेपणीही पुरते सुटत नाही. उलट बाराव्या-तेराव्या वर्षी त्रास वाढल्यासारखा वाटतो. हातपाय भराभर लांब होतात, शाळेत लिहिणे दुप्पट होते, प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हातात येतात, मैत्रिणी सायकलवरून निघून जातात. मुलींना कपड्यांचे हुक, केस, महिन्याच्या दिवसांतले सगळे स्वतः नीट करणे येऊन पडते, आणि ते जमत नाही हे सांगायचे तरी कोणाला? आठ वर्षांचे मूल पडले तर लोक उचलतात. तेरा वर्षांचे पडले तर हसतात. मग ते मूल पडण्याची वेळच येऊ देत नाही. कोपरा धरते.

यावर औषध नाही, टॉनिक नाही. कोणी शेकडो रुपयांच्या गोळ्या सांगितल्या तर घेऊ नयेत. उपाय आहे तो शिकवण्याचा. आणि या शिकवण्याच्या शास्त्राला आपल्या महाराष्ट्रात जुने घर आहे, हे मला अगदी अलीकडे कळले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा निघाली, ती कमलाबाई निंबकर यांनी काढली. बाई जन्माने अमेरिकन, लग्न करून आपल्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. आपण त्यांचे नाव हळदीकुंकवाच्या व्याख्यानांत कधी ऐकले नाही, ते ऐकायला हवे होते.

आता शिकवण्याचे. माझी समजूत अशी होती की व्यायाम देतील. चेंडू दाबा, एका पायावर उभे राहा, म्हणजे हातापायांत बळ येईल आणि अक्षर आपोआप सुधारेल. सुनेने सांगितले, "मावशी, चेंडू दाबून चेंडू दाबणे चांगले येते. लेस बांधायची असेल तर लेसच बांधावी लागते." निरनिराळ्या देशांतल्या जाणत्यांनी २०१९ साली मिळून जो सल्ला छापला त्यातही हेच आहे म्हणे. मुलाला जे काम करायचे आहे तेच काम, जिथे करायचे आहे तिथेच, तुकडे पाडून शिकवायचे. तिने वापरली ती रीत कॅनडातल्या हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिच या दोघींनी घडवलेली आहे. तिला को-ऑप म्हणतात. मुलाने तीन कामे निवडायची आणि साधारण दहा बैठकांत शिकायची. प्रत्येक वेळी चार पायऱ्या. काय करायचे? कसे करीन? करून बघ. जमले का, नाही तर कुठे बिघडले? आणि बेत मुलाने आखायचा. मोठ्यांनी उत्तर सांगायचे नाही, प्रश्न विचारायचे.

भगिनींनो, यातले "मुलाने निवडायची" हे मला फार जड गेले. मी मनात यादी करून गेले होते : अक्षर, पोळ्या, भांडी न पाडणे. सुनेने मुलीला विचारले. मुलगी बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, "मला माझी वेणी घालायची आहे. सायकल यायला हवी. आणि…" पुढे बोलेना. मग म्हणाली, "चहा द्यायचाय. सगळ्यांना. न सांडता." मी खिडकीकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर मी सुनेशी वाद घातला. दोन वर्षांवर दहावी आली, अक्षराचे काय? ती म्हणाली, "ज्यात तिचे मन नाही ते दहा बैठकांत काय, दहा वर्षांतही टिकायचे नाही. आधी तिला एकदा तरी कळू दे की मी शिकू शकते." २०२४ चा मे महिना आम्ही दोघी पुण्याला माझ्या बहिणीकडे राहिलो. आठवड्यातून दोन बैठका आणि रोज संध्याकाळी वीस मिनिटे. वीसच. जास्त केले की ती दमते, दमली की चिडते, आणि चिडून केलेले हाताच्या लक्षात राहत नाही.

सायकलचे सविस्तर सांगते, कारण तिथे मी शिकले. यापूर्वी यांनी तिला दोनदा सायकल शिकवली होती. मागून सीट धरायची, पळायचे, "पायडल मार, समोर बघ, हँडल सरळ!" असे ओरडायचे आणि मध्येच सोडून द्यायचे. दोन्ही वेळा गुडघे फुटले. तिसऱ्यांदा ती बसलीच नाही. सुनेने विचारले, "पडतेस ते कुठे बिघडते?" मुलगी म्हणाली, "सगळीकडेच." "बरे, आधी काय बिघडते?" विचार करून म्हणाली, "पाय जमिनीवरून उचलला की घाबरते." "मग काय करता येईल?" पाच मिनिटे कोणी बोलले नाही. माझ्या ओठांवर उत्तर आले होते, सुनेने माझा हात दाबला. मग मुलगीच म्हणाली, "पाय उचलायचाच नाही असे केले तर?"

झाले, सायकलवाल्याकडून दोन्ही पायडले काढून घेतली. सीट इतकी खाली घेतली की दोन्ही तळवे जमिनीला टेकले. चार दिवस ती बसून नुसती पायांनी ढकलत चालत होती. सोसायटीतली पोरे हसली, पण ती दोनच दिवस. पाचव्या दिवशी ढकलता ढकलता तिने पाय उचलले आणि ती दहा पावले तरंगत गेली. मग वळण्याची अडचण आली. पुन्हा तोच प्रश्न, कुठे बिघडते? तिनेच शोधले की ती पुढच्या चाकाकडे बघते. म्हणून कोपऱ्यातला कडुनिंब ठरवला : चाकाकडे बघायचे नाही, निंबाकडे बघायचे. तिसऱ्या आठवड्यात पायडले परत लावली. ब्रेक मात्र वेगळा शिकावा लागला. आपल्याला वाटते, त्यात शिकायचे काय? तिला हाताने ब्रेक आणि पायाने थांबणे एका वेळी जमेना. आधी उभ्या सायकलवर, मग हळू चालत, मग चालवताना. जूनमध्ये इथे परत आल्यावर गल्लीत ती पुन्हा पडली, कारण इथे खड्डे आहेत आणि कडुनिंब नाही. पण या वेळी उठून तिने मला विचारले नाही. स्वतःशीच पुटपुटली, "कुठे बिघडले?" आणि पुन्हा चढली. मला त्या दिवशी सायकल येण्यापेक्षा त्या पुटपुटण्याचा आनंद जास्त झाला.

वेणीला चार आठवडे लागले. पहिला आठवडा खिडकीच्या गजाला लाल, पिवळी, निळी अशा तीन फिती बांधून. "उजवी मध्ये, डावी मध्ये," हे तिचे स्वतःचे बोल. मग केस खांद्यावरून पुढे घेऊन. आरशात करायला गेली की उजवेडावे उलटे होऊन सगळे विसरे, म्हणून आरसा बंद. पाठीमागची वेणी अजून सैल होते, ती पुढेच घालते आणि म्हणते, हीच फॅशन आहे.

चहाचे तर तिने आठ दिवसांत सोडवले. कप पाऊण भरायचे. ट्रेमध्ये ओले फडके अंथरायचे म्हणजे कप सरकत नाहीत. आधी सतरंजीचा काठ कुठे आहे ते बघून ठेवायचे. आणि कपाकडे न बघता जिला द्यायचा तिच्याकडे बघायचे. मी वीस वर्षे पाहुण्यांना चहा देते आहे, मला ओल्या फडक्याचे कधी सुचले नव्हते.

सगळेच गोड झाले असे मी म्हणणार नाही. अक्षराचे काही जमलेले नाही. पुढे तिने स्वतः चौथे काम म्हणून ते घेतले, थोडे सुटसुटीत झाले, पण वेग नाही. तीन तासांच्या पेपरात तिची दोन उत्तरे राहतात आणि ती येत असूनही राहतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात शिकण्याच्या विशेष अडचणी सांगितल्या आहेत, त्यांच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सिया हा शब्द आहे. त्याचा दाखला मिळाला तर दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो. दाखल्यासाठी आमच्या खेपा चालू आहेत. शाळेत पहिल्यांदा सांगायला गेले तेव्हा उत्तर मिळाले, "चांगली धडधाकट तर दिसते." धडधाकट आहेच. तेच तर समजावून सांगावे लागते. दुसरीकडे यांनी तिला संगणकावर टंकलेखन शिकायला घातले आहे, तिथे अक्षर वळणदारच उमटते.

आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "आमच्या वेळी फुगड्या, लंगडी, सागरगोटे होते, म्हणून असली मुले नव्हती." मलाही तसेच वाटे. मग एका रात्री मला आमच्या गल्लीतली एक मुलगी आठवली. भोंडल्याला, झिम्म्याला, लंगडीला, सगळीकडे ती यायची आणि आमच्या चपला सांभाळायची. "तुला खेळता येत नाही, तू चपला सांभाळ," असे आम्हीच तिला सांगायचो. ती हसून सांभाळायची. कोणाची चप्पल कोणती हे तिला तोंडपाठ होते. तिचे पुढे काय झाले, कुठे दिली, मला ठाऊक नाही. खेळांनी मुले तयार होतात हे खरे, पण जे खेळात घेतलेच नाही ते मूल कसे तयार होणार? आणि तुमच्या लहानपणी चपला सांभाळायला कोण होते, हे घरी गेल्यावर जरा आठवून बघा.

या जूनपासून कार्यकारिणीने दर शनिवारी दुपारी चार ते पाच ही खोली आम्हांला दिली आहे, त्याबद्दल मी आभारी आहे. सध्या तीन मुले येतात, माझी धरून. एका मुलाला शर्टाची वरची बटणे आणि शाळेचा टाय बांधायचा आहे. दुसरीला दोरीच्या दहा उड्या. आमचीने लेझीम घेतली आहे. आधी नुसते पाय, मग नुसते हात, मग दोन्ही मिळून चारच ठोके. सून महिन्यातून एकदा पुण्याहून येते आणि चुकते ते सांगते. मी काही शिकलेली नाही, मी फक्त प्रश्न विचारते आणि तोंड मिटून बसते. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

कोणाच्या घरी, शेजारी, भावजयीकडे असे दहा ते सोळा वर्षांचे मूल असेल तर त्याला घेऊन यावे. डॉक्टरांना आधी दाखवून यावे. मुलाची इच्छा नसेल तर ओढून आणू नये, आधी आईने एकटीने येऊन बघावे. फी नाही. मुलाला जे करायचे आहे त्याचे सामान बरोबर आणावे : लेसचे बूट, फिती, दोरी, जे असेल ते. बघायला म्हणून उगाच कोणी दारात उभे राहू नये, ही मात्र हात जोडून विनंती. आणि सायकल आणणार असाल तर सीट खाली करायला पानाही आणावा. आमचा हरवला आहे.